जोड नसलेला अर्ज

कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या बोळात एका सोनाराच्या दुकानावर माडी होती आणि त्या माडीवर ऐक्यवर्धक वाचन मंडळ भरायचं. महाराज गादीवर बसले त्याच साली अंबादास हेर्लेकर आणि मीरासाब शिकलगार या दोघा मित्रांनी ते काढलं होतं. दोघं तेव्हा नुकते मॅट्रिक झाले होते आणि जग सुधारायला आता फारसा वेळ लागणार नाही असं दोघांनाही वाटत होतं. एक लाकडी कपाट, दोन सतरंज्या, पुण्या-मुंबईहून टपालानं येणारी वर्तमानपत्रं आणि रविवारी उन्हं कलल्यावर कुणाचं तरी व्याख्यान, एवढाच मंडळाचा संसार. पुढं अंबादास इंग्रजी शाळेत इतिहासाचा मास्तर झाला आणि मीरासाब दरबारच्या बांधकाम खात्यात कारकून. लग्नं झाली, पोरंबाळं झाली, डोक्यावरचे केस विरळ झाले. मंडळ मात्र चालू राहिलं.

अंबादासला अमेरिकेच्या इतिहासाचं वेड होतं. तेही सगळ्या इतिहासाचं नव्हे. वॉशिंग्टन त्याला थोर वाटे, पण देव्हाऱ्यातल्यासारखा लांबचा वाटे, आणि नंतरची यादवी तर त्याला वाचवतच नसे. त्याचा जीव रमायचा तो मधल्या काही वर्षांत. इंग्रजांशी दुसरी लढाई नुकती संपलेली होती. मी व्हर्जिनियाचा, तू मॅसॅच्युसेट्सचा हे मागं टाकून माणसं पहिल्यांदाच स्वतःला नुसतं अमेरिकन म्हणवू लागली होती. डोंगर ओलांडून रस्ते चालले होते, कालवे खणले जात होते, देशी कारखाने जगावेत म्हणून परक्या मालावर जकात बसली होती. मन्रो नावाचा अध्यक्ष दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्या विरोधात उभं राहायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. हे सांगताना अंबादासचा आवाज आपोआप हळुवार व्हायचा. जणू तो स्वतःच्या आजोळच्या सुट्ट्यांबद्दल बोलतोय.

त्या काळातला त्याचा लाडका माणूस म्हणजे हेन्री क्ले. केंटकीचा वकील, बोलायला गोड, पत्त्यांत पटाईत, आणि एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना एका खोलीत बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "असा एक माणूस गावात असला तरी गाव तरतं," असं अंबादास वर्गात म्हणायचा. पोरं ऐकून घ्यायची.

कोल्हापूरला तेव्हा तशा माणसाची गरज होती. राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही यावरून जो वाद पेटला होता, त्यानं सगळं शहर उभं चिरलं होतं. वाद दरबारात मिटला तरी पेठांतून धुमसत राहिला. ब्राह्मण एका बाजूला आणि मराठे व त्यांच्यासोबतचे दुसऱ्या बाजूला, असं प्रत्येक गोष्टीत होऊ लागलं. मंडळात तर रोजच. अप्पा वकील आणि त्यांची मंडळी पुण्याचं एक वर्तमानपत्र मागवा म्हणायची, तर हंबीरराव पाटलांची मंडळी तेच पत्र आधी बंद करा म्हणायची. हंबीरराव जमीनजुमल्याचा, तालमीत वाढलेला गडी. इंग्रजी चार इयत्ता शिकलेला आणि वाचनाचा खरा नाद असलेला. अप्पा वकील बारीक चणीचे, बोलण्यात धार असलेले. दोघंही एकट्यानं भेटले तर सज्जन. पण हळूहळू माडीवरच्या दोन सतरंज्या या दोघांच्या दोन झाल्या, आणि दारातून आत आलेल्या माणसानं कुठल्या सतरंजीवर टेकायचं हे त्याच्या आडनावावरून ठरू लागलं. मीरासाब खिडकीच्या कट्ट्यावर बसायचा. त्याच्या आडनावाची सतरंजी नव्हती.

अशातच एका चैत्रात अंबादासनं मुद्दाम मिसूरीवर व्याख्यान दिलं. माडी भरली होती. खालच्या बोळातसुद्धा काही माणसं उभी होती. त्यानं सांगितलं ते असं. मिसूरी नावाच्या नव्या प्रांताला संघराज्यात यायचं होतं. उत्तरेकडं गुलामी बंद होत आलेली, दक्षिणेकडचा सगळा कापूस गुलामांच्या हातांवर उभा. दोन्हीकडची संस्थानं तोवर संख्येनं अगदी बरोबरीची होती, आणि मिसूरी गुलामीसकट आला तर पारडं झुकणार होतं. सभागृहात लोक एकमेकांच्या अंगावर जायला लागले. फुटून निघायची भाषा झाली. तेव्हा तोड निघाली की मिसूरीच्या जोडीला उत्तरेकडचं मेन नावाचं नवं संस्थान घ्यायचं, म्हणजे बरोबरी कायम. आणि नकाशावर पश्चिमेकडं एक आडवी रेघ ओढायची. रेघेच्या वर गुलामी नाही, खाली असेल. क्लेनं माणसामाणसाला भेटून, कुणाला समजावून तर कुणाला चुचकारून ते गळी उतरवलं.

"घर मोडत होतं, ते त्यानं मोडू दिलं नाही," अंबादास शेवटी म्हणाला, आणि दोन्ही सतरंज्यांकडं एकदा बघून खाली बसला. टाळ्या दोन्हीकडून पडल्या. पुष्कळ दिवसांत असं झालं नव्हतं.

नंतर दोघं मित्र नेहमीसारखे रंकाळ्यावर फिरायला गेले. पाण्यावरून वारा येत होता. मीरासाब पाण्याकडं बघत चालला होता.

"आवडलं नाही का?" अंबादासनं विचारलं.

"आवडलं की. तू बोलतोस झ्याकच." मीरासाब थांबला. "अंबू, तू दिलेलं ते जाडं पुस्तक मी म्होरं वाचलं. मिसूरीनं आपल्या कायद्यात लिवलं हुतं, मोकळा झालेला काळा माणूस आमच्या हद्दीत पाय ठेवायचा न्हाय. गुलाम न्हवं, मोकळा. त्यावरनं पुन्यांदा भांडण झालं, तवा तुझ्या क्लेनं असं शब्द जुळवून दिलं की उत्तरवाल्यानं वाचलं तर त्याला आपलं वाटावं आणि दक्षिणवाल्यानं वाचलं तर त्याला आपलं. हे तू सांगितलंच न्हाईस."

"वेळ पुरला नाही."

"व्हय, वेळ." मीरासाब हसला. "आणि एक सांग. येवढी बैठक झाली, तिथं ज्यांच्यावरनं भांडण, ती माणसं कुठं हुती?"

"ती कशी असतील तिथं?"

"तेच म्हणतोय मी."

"मीरा, देश फुटला असता तर त्यांचं तरी काय भलं झालं असतं? आधी घर टिकायला हवं. मग घरातल्यांचं बघता येतं."

"बघितलं का पण मग?"

अंबादास घाटाकडं वळला. मीरासाबनंही ताणून धरलं नाही. घाटावर जाऊन दोघांनी भडंग खाल्लं आणि आपापल्या घरी गेले. असे वाद त्यांच्यात लहानपणापासून होत आले होते.

पुढच्याच महिन्यात मीरासाब एक अर्ज घेऊन आला. अर्ज ज्ञानू कांबळे नावाच्या तरुण शिक्षकाचा होता. ज्ञानू महारवाड्यातल्या शाळेत शिकवायचा. बांधकाम खात्यानं त्या शाळेची भिंत दुरुस्त केली तेव्हा मीरासाबची त्याच्याशी ओळख झाली होती. त्याला मंडळाचा सभासद व्हायचं होतं. वर्तमानपत्रं वाचायची होती, रविवारी व्याख्यानाला बसायचं होतं. अर्जात दुसरं काही नव्हतं.

"तू चिटणीस हाईस, तूच मांड," मीरासाब म्हणाला. "आपल्या नियमात काय लिवलंय? 'वाचनाची आवड असलेला कोणीही.' तुझंच अक्षर हाय ते."

"मांडतो," अंबादास म्हणाला. त्याला मांडायचाच होता. घरी जाऊन त्यानं कालिंदीला, आपल्या बायकोला, तसं सांगितलंही. कालिंदी म्हणाली, "मांडा की मग. लांबणीवर टाकू नका."

पण त्याच आठवड्यात मंडळ फुटायला टेकलं. कार्यकारी समितीच्या निवडणुकीत हंबीररावाच्या बाजूनं नवी माणसं मोठ्या संख्येनं सभासद करून घेतली. अप्पा वकिलांनी ते सभासदत्व बेकायदा ठरवलं. हंबीररावानं निरोप धाडला की कपाट आम्ही उचलून नेतो, बघू कोण अडवतंय. अप्पा वकिलांनी माडीच्या मालकाला गाठून कुलूप बदलायची तयारी केली. इतक्या वर्षांचं मंडळ आता दोन-चार दिवसांचा सोबती आहे, असं सगळे बोलू लागले.

अंबादासला झोप लागेना. शाळा सुटली की तो एका घरातून दुसऱ्या घरी जायचा. या मंडळावर त्याचा किती जीव आहे हे त्याचं त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या धावपळीत त्याला एक छुपा आनंदही होत होता. जे आजवर वाचलं, शिकवलं, ते करून दाखवायची वेळ आली होती. तोड त्यानं काढली ती तशीच. समितीत दोन्ही बाजूंचे लोक सारखे. इथून पुढं नवे सभासद घ्यायचे ते जोडीनं. एका बाजूचा एक आला की दुसऱ्या बाजूचा एक. पारडं झुकायचं कारणच उरू नये.

हंबीररावानं पडवीत बसून सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, चांगलं हाय. मान्य," तो म्हणाला. मग पानाला चुना लावता लावता हळूच म्हणाला, "पर त्यो शिकलगाराचा अर्ज हाय म्हणं एक. कांबळ्याचा."

"आहे. मी मांडणार आहे."

"आत्ता नगा मांडू. माझ्या मनात काय न्हाय बगा. महाराज ह्या लोकांसाठी काय करत्यात ते मी बघतोयच की. पर माझ्या मागची माणसं समदी त्या मताची न्हाईत. ह्यो अर्ज आला की चार जण उठून जातील, आणि अप्पा वकील टपूनच बसलाय. मंडळ ऱ्हाऊ दे आधी."

दुसऱ्या दिवशी अप्पा वकिलांनी चष्मा पुसत जवळजवळ तेच सांगितलं. "माझी व्यक्तिशः काहीच हरकत नाही, अंबादासराव. पण आमच्यातली जुनी मंडळी माडी चढायची बंद होतील, आणि हंबीररावांना तेच हवंय. तेवढं एक राखून ठेवा. बाकी तुमची योजना उत्तम आहे."

इतक्या दिवसांत ज्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, त्यांचं या एका गोष्टीवर झालं होतं. अंबादासच्या ते ध्यानात आलं. पण ध्यानात आलेली गोष्ट मनावर घ्यायला सवड नव्हती. त्यानं घरी बसून ठराव लिहिला. तीन वेळा खोडला, चौथ्यांदा जमला. 'नवीन सभासदांचे अर्ज जोडीने विचारात घेतले जातील. ज्या अर्जास जोड नसेल तो योग्य वेळ येईपर्यंत राखून ठेवण्यात यावा.' नाकारलं कुणालाच नव्हतं. उद्या कुणी विचारलं तर दार उघडंच आहे असं म्हणता येत होतं आणि बंद आहे असंही. लिहून झाल्यावर त्याला समाधान वाटलं. हे वाक्य चांगलं उतरलंय, असंसुद्धा वाटलं.

रविवारी माडीवर त्यानं तो वाचला. कुजबुज झाली, मग माना हलल्या. हंबीरराव उठून म्हणाला, "मान्य." अप्पा वकिलांनी अनुमोदन दिलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि टाळ्या पडल्या. कुणीतरी पेढे आणले होते.

खिडकीच्या कट्ट्यावरून मीरासाब म्हणाला, "अंबादास, शेवटचं वाक्य पुन्यांदा वाच जरा."

अंबादासनं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज जरा घाईचा झाला.

"माझ्याकडं एक अर्ज हाय, तुला दिलेला. त्याची जोड कोण?"

 हंबीरराव सतरंजीच्या काठाशी चाळा करू लागला. अप्पा वकिलांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मीरा, आत्ता नको," अंबादास म्हणाला. "आपण नंतर बोलू."

"नंतर बोलायला काय ऱ्हायलंय. मी विचारतोय ते सोपं हाय. त्याची जोड कोण?"

"आज मंडळ वाचलंय. तेवढं तरी बघ."

मीरासाब कट्ट्यावरून उतरला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो दमल्यासारखा दिसत होता. "मंडळ वाचलं, व्हय," तो म्हणाला. "पर मी बी कुणाच्या जोडीचा न्हाय, अंबू. मला कुठल्या बाजूला मोजलंस?"

अंबादास म्हणाला, "तू आपलाच आहेस."

"म्हंजे कुठंच न्हाय."

तो जिना उतरून गेला. जिन्याच्या फळ्या वाजल्या त्या सगळ्यांनी ऐकल्या. मग कुणीतरी पेढ्यांचं ताट फिरवलं. अंबादासनं एक पेढा घेतला आणि खाल्लाही.

ज्ञानूला सांगायचं काम राहिलं होतं. मीरासाबनं सांगितलं असेल अशी अंबादासची आशा होती. पण तीन-चार दिवसांनी ज्ञानूच शाळेच्या फाटकापाशी उभा दिसला. उंच, शिडशिडीत, स्वच्छ धुतलेला कोट घातलेला. फाटकाच्या आत तो आला नव्हता.

"मास्तर, अर्जाचं विचारायला आलतो."

"तो राखून ठेवलाय," अंबादास म्हणाला. "नाकारलेला नाही. योग्य वेळ आली की येईल पुढं."

"बरं जी." ज्ञानूनं मान हलवली. मग शाळेतल्या पोरानं शंका विचारावी इतक्या साधेपणानं त्यानं विचारलं, "योग्य वेळ म्हंजे कधी समजू?"

 "बघू," अंबादास म्हणाला. "मी आहेच."

"व्हय की. तुमी हाईसा." ज्ञानूनं नमस्कार केला आणि तो वळून गेला. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं अंबादासला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

मीरासाब माडीवर पुन्हा आला नाही. अंबादास एकदा त्याच्या घरी गेला, तर तो कामावर होता. दुसऱ्यांदा गेला तेव्हा खतिजानं, मीरासाबच्या बायकोनं, चहा दिला. मीरासाब बसला, मुलांचं विचारलं, पावसाचं बोलला. मंडळाचा विषय काढला तसा म्हणाला, "जाऊ दे ते." रंकाळ्यावरचं फिरणं बंद पडलं. आधी अंबादासला वाटलं, राग महिन्याभरात ओसरेल. मग वाटलं, दसऱ्याला जाऊ. दसऱ्याला परीक्षांचे पेपर आले.

मंडळ मात्र खरंच टिकलं. काही वर्षं उत्तम चाललं. जोडीनं सभासद येत, जोडीनं समितीवर बसत. बाहेरगावचे पाहुणे येऊन मंडळाचं कौतुक करत आणि अंबादास हेर्लेकरांनी ते कसं सांभाळलं हे सांगितलं जाई. ठरावातलं शेवटचं वाक्य कुणाला आठवतही नव्हतं. एकदोनदा त्यानं सभेत ज्ञानूचा विषय काढायचा असं मनाशी धरलं. एकदा तर बोलायला उभा राहिला. पण त्या दिवशी दोन्ही बाजू इतक्या गोडीगुलाबीनं बसल्या होत्या की तो नव्या पंख्याच्या वर्गणीबद्दल काहीतरी बोलून खाली बसला.

मग तेही मोडलं. मोडायला कारण अगदी क्षुल्लक झालं. शाहूपुरीत मंडळासाठी नवी जागा मिळण्यासारखी होती, तिच्या दारावर कुणाचं नाव घालायचं यावरून. अप्पा वकिलांना त्यांच्या गुरूंचं नाव हवं होतं आणि हंबीररावाला त्याच्या वडिलांचं. समितीत दोन्हीकडची माणसं सारखी असल्यानं मत घेतलं की बरोबरीत सुटायचं. जो नियम भांडण टळावं म्हणून केला होता, त्यानंच निकाल लागेनासा झाला. अंबादास पुन्हा घरोघर फिरला, पण या वेळी त्याचं कुणी ऐकलं नाही. देण्यासारखं त्याच्याकडं काही उरलं नव्हतं. मागच्या वेळी दोघांना खूश करायला त्यानं तिसऱ्याचं दिलं होतं, आणि आता तिसरा कुणी खोलीत नव्हता. हे त्याला त्या दिवसांत हळूहळू उमगत गेलं. एके दुपारी पुस्तकं वाटून घेतली गेली. कपाट हंबीररावाकडं गेलं, सतरंज्या अप्पा वकिलांकडं. माडीत सोनारानं कोळसा भरला.

त्यानंतर मानमोडीची, इन्फ्लुएन्झाची साथ आली. महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची ती साथ. पंचगंगेच्या काठी चिता विझत नव्हत्या. शाळा बंद होत्या. साथ ओसरल्यावर एक दिवस हंबीररावच रस्त्यात भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, "त्यो कांबळे मास्तर गेला की. तुमच्या अर्जाचा. पोरांच्या घरी औषधं पोचवत हिंडत हुता म्हणं, त्यातच घावला."  "वाईट झालं," असं म्हणून तो पुढं गेला.

अंबादासनं घरी कालिंदीला ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जाऊन या तिथं."

तो गेला. ज्ञानूची बायको तानाबाई दारात धान्य निवडत बसली होती. पांढरपेशा माणूस आपल्या वस्तीत आला म्हणून ती गडबडली. तिनं आतून पोतं आणून ओट्यावर अंथरलं. अंबादासनं आपलं नाव सांगितलं, आणि आता तिच्या तोंडून काय ऐकावं लागेल त्याची वाट बघत बसला.

"हेर्लेकर मास्तर व्हय," तानाबाई म्हणाली. "तुमचं नाव घ्यायचं की ते. त्या अमेरिकेवर बोलला हुता म्हणं तुमी एकदा. खाली बोळात हुबं ऱ्हाऊन ऐकल्यालं त्यांनी. लई चांगलं बोलत्यात म्हणायचं. शाळंत पोरांना तेच सांगायचं, रेघ काढून दावायचं फळ्यावर."

"रागावले नव्हते माझ्यावर?"

"कशापायी?" तिला खरंच ठाऊक नव्हतं. ज्ञानूनं घरी काही सांगितलंच नव्हतं.

अंबादासनं सांगायचा प्रयत्न केला. अर्ज, ठराव, योग्य वेळ. बोलता बोलता त्याला दिसलं की ती सुपातल्या दाण्यांकडं बघत अदबीनं ऐकतेय, पण यातलं तिच्या आता काही उपयोगाचं नाही. तो थांबला. काही मदत लागली तर कळवा म्हणाला. ती "व्हय" म्हणाली. निघताना त्याला वाटलं की आपण इथं काही द्यायला आलो नव्हतो, काही मागायलाच आलो होतो, आणि ते द्यायचा अधिकार या बाईचाही नव्हता.

आता मीरासाब राहिला होता. त्यानं दरबारची नोकरी सोडली होती आणि जयसिंगपूर या नव्या वसवलेल्या पेठेत चुलतभाऊ नबीलालबरोबर विळे, खुरपी, कुऱ्हाडींचं दुकान टाकलं होतं. सुट्टी लागल्यावर अंबादास सकाळच्या मिरज गाडीनं निघाला. वाटेत काय बोलायचं ते त्यानं मनात जुळवलं. 'मीरा, तू म्हणत होतास ते खरं होतं. त्या रेघेनं त्यांचं घर वाचलं नाही, नुसतं पडायचं लांबलं. यादवीत पडलं तेव्हा जास्त माणसं खाली सापडली.' हे त्यानं दोनदा-तीनदा मनात म्हणून बघितलं. बरं वाटलं, म्हणून त्याचाच त्याला राग आला.

पेठेतले रस्ते सरळ आखलेले, नवे कोरे होते. दुकान सापडायला वेळ लागला नाही. मीरासाबची दाढी पांढरी झाली होती. अंबादासला बघून तो लगेच उठला, पुढं आला, हातातली छत्री काढून घेतली.

"या, मास्तर. या की. कधी आलासा? गाडी वेळंवर हुती न्हवं?"

अंबादास चपला काढता काढता थांबला. 'आलास' म्हणायचा हा माणूस. पाटी-पेन्सिलीपासून 'आलास' म्हणत आला होता.

मीरासाबनं त्याला मागच्या घरात नेलं. खतिजानं दाराआडून खुशाली विचारली आणि जेवायची तयारी केली. नबीलाल येऊन भेटून गेला. जेवण साधं पण मन लावून केलेलं होतं. मीरासाब आग्रह करकरून वाढत होता. "घ्या मास्तर, लाजू नका." अंबादासनं हात धुतल्यावर तो विषय काढला. जुळवलेलं सगळं विसरला होता. तसंच बोलला.

"मी चुकलो, मीरा. त्या दिवशी तू विचारत होतास आणि मला कळत होतं. कळत नव्हतं असं नाही."

मीरासाब सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला नाही.

"माझ्याकडं कशाला माफी मागतासा?" तो शांतपणे म्हणाला. "अर्ज माझा न्हवता."

"ज्ञानू गेला."

"ठावं हाय. मी गेलतो मातीला."

बाहेर कुणीतरी कुऱ्हाडीला धार लावून मागत होतं. नबीलालचा आवाज आला. अंबादास म्हणाला, "तुझाही एक प्रश्न होता. तुला कुठल्या बाजूला मोजलं, असा."

"हुता." मीरासाबनं सुपारीचं खांड त्याच्यापुढं केलं. "ते बी जुनं झालं. हितं बघा, बाजारात समदेच नवे. कोण कुठला, ते गिऱ्हाईक इचारत न्हाय, धार इचारतंय. बरं चाललंय माझं."

"माझ्यावर राग आहे का अजून?"

मीरासाबनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. "न्हाय, मास्तर," तो म्हणाला. "खरंच न्हाय. राग असता तर तुमच्याशी भांडलो असतो."

दुपारच्या गाडीला तो स्टेशनापर्यंत पोचवायला आला. गाडी सुटेपर्यंत उभा राहिला. पावसाचं, उसाचं, मुलीच्या लग्नाचं बोलला. हात वर करून निरोप दिला.

घरी कालिंदी वाट बघत होती. तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि समोर बसली.

"काय म्हणाले मीराभावजी?"

"जेवायला घातलं. पोटभर."

"आणि?"

"मला अहो म्हणाला."

कालिंदीनं तांब्या उचलून आत नेऊन ठेवला. परत येऊन तिनं विचारलं, "परत जाल ना?"

तो गेला. महाराज गेले त्या सालापर्यंत तो प्रत्येक सुट्टीत एकदा तरी जयसिंगपूरला जाऊन आला, आणि नंतरही जात राहिला. मीरासाबनं प्रत्येक वेळी दुकान सोडून त्याचं आदरातिथ्य केलं. खतिजानं कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. दोघं म्हातारे ओसरीवर बसून बाजारभावाचं बोलत, नातवंडांचं बोलत, गुडघ्यांचं बोलत. अमेरिकेचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. अंबादास 'मीरा' म्हणत राहिला आणि मीरासाब 'मास्तर' म्हणत राहिला.